आपापल्या वाट्यापुरती

३ फेब्रुवारी १९९८. सात माणसे.

इस्पितळांच्या चादरी आणि उपाहारगृहांची टेबलकापडे धुणाऱ्या एका मोठ्या धुलाई कारखान्यात सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बॉयलर फुटला. पाच पुरुष गेले, दोन स्त्रिया गेल्या. चौकशीचा अहवाल एकोणीस पानांचा आहे. वाफेचा दाब सोडणारी झडप अडकत होती. ती अडकल्याची तक्रार तीनदा लिहिली गेली होती. आणि तिन्ही वेळा ती तक्रार ज्याने वाचायला हवी होती त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती.

त्या सात जणांविषयी लिहिण्याचा पहिला हक्क त्यांच्या घरच्यांचा आहे. इथे सांगायचे आहे ते एका अनुवादिकेविषयी. कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे ज्या कार्यालयात चालत, त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या अरुंद खोलीत ती सत्तावीस वर्षे बसत आली होती. कायद्याचे कागद इंग्रजीत येत. ज्यांच्या आयुष्याविषयी ते असत त्यांना इंग्रजी येत नसे. हे अंतर बुजवण्यासाठी सरकारने दोन टेबले, दोन टंकलेखन यंत्रे आणि दोन माणसे नेमली होती. दुसऱ्या टेबलावर एक गृहस्थ होते. दुपारच्या चहाआधी दिवसाचे काम उरकून मोकळे होण्याची त्यांना इतकी ओढ असे की सारे कार्यालय त्यांना घाईमास्तर म्हणे. तिला सगळे कोशबाई म्हणत.

या नावामागे कौतुक होते तशी थोडी टवाळीही होती. तिचे वडील पुस्तकबांधणीचे काम करीत. छापखान्यातून बांधणीसाठी येणाऱ्या कागदांत काही फर्मे, म्हणजे बऱ्याच पानांचे छापील ताव, डाग पडलेले, वाकडे कापलेले निघत, आणि ते रद्दीत जात. एका वर्षी एका जाडजूड इंग्रजी शब्दकोशाचे असे खराब फर्मे निघाले. वडिलांनी ते रद्दीत न टाकता शिवून मुलीला दिले. मात्र खराब झाले होते ते फक्त पहिल्या भागाचे फर्मे. ए या अक्षरापासून एमपर्यंतचा कोश तिच्या वाट्याला आला. पुढची अक्षरे नीट छापली गेली आणि ज्यांनी पैसे मोजले त्यांच्या घरी गेली. शाळा सुटल्यावर ती त्या अर्ध्या कोशाची रोज दोन पाने वाची. नोकरीच्या मुलाखतीत तिने हे प्रांजळपणे सांगितले, आणि तेव्हापासून घाईमास्तरांना आयुष्यभर पुरेल असा विनोद मिळाला. "कोशबाई एमपर्यंत विद्वान," ते नव्या माणसाला ओळख करून देताना म्हणत, "एनपासून पुढे आपल्यासारख्याच."

तिची काम करण्याची रीत ठरलेली होती. वाक्य अनुवादित झाले की ती ते हलक्या आवाजात वाचून पाही, आणि वाचताना ज्याच्यापुढे ते वाचले जाणार त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणी: कधी वखारीतला हमाल, कधी रंगाऱ्याची विधवा. त्या चेहऱ्याला वाक्य कळले नाही असे वाटले तर कागद यंत्रातून बाहेर निघे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिच्यावर एक जबाबदारी आली. कार्यालयात नेहमी लागणाऱ्या इंग्रजी शब्दांची एक यादी करायची होती, म्हणजे एकाच शब्दाला दहा जण दहा प्रतिशब्द देणार नाहीत. तिने आठ महिन्यांत सहाशे बारा शब्दांची शब्दावली केली. ती चक्रमुद्रित झाली, तिच्यावर शिक्का बसला, आणि इतर कार्यालयांनीही तिच्या प्रती मागवून घेतल्या.

त्या शब्दावलीच्या एकेचाळिसाव्या पानावर एक ओळ होती: सेव्हरल – अनेक.

हा शब्द तिला शाळेतच भेटला होता. सेव्हरल बॉइज म्हणजे अनेक मुले, सेव्हरल टाइम्स म्हणजे अनेकदा. त्याविषयी शंका यावी असे काही तिच्या वाचनात कधी आले नाही. कठीण शब्दांपाशी ती थांबली, कायद्याच्या पुस्तकांत त्यांचा माग काढत बसली. हा शब्द मात्र तिने ओळखीच्या माणसाला दारातून आत घ्यावे तसा काही न विचारता आत घेतला. आणि शब्दावली छापली जाण्यातला धोका असा की एकदा शिक्का बसला की पुढच्या कुणाला विचार करण्याचे कारण उरत नाही.

बॉयलर फुटला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तडजोडीचा मसुदा आला. प्रतिवादी तीन होते: कारखान्याचा मालक, इमारतीचा मालक आणि बॉयलरची देखभाल करणारा कंत्राटदार. भरपाईचा निम्मा भाग पहिल्याने द्यायचा, उरलेला दुसऱ्या-तिसऱ्याने चौथाई-चौथाई. मसुद्याचा अनुवाद घाईमास्तरांकडे गेला. शब्दावलीप्रमाणे त्यांनी तो चोख केला आणि त्याची प्रत सातही घरांना एक आठवडा आधी पोहोचली, कारण सह्यांचा दिवस शुक्रवार ठरला होता.

त्याच्या आधीच्या मंगळवारी एक बाई दुसऱ्या मजल्यावर आली. ती त्याच कारखान्यात इस्त्री विभागात काम करी. तिचा नवरा बॉयलरवर होता. त्या दिवशी तिची दुपारची पाळी होती, त्याची सकाळची. घाईमास्तर चहाला गेले होते, म्हणून ती कोशबाईंच्या टेबलापाशी आली. हातात घडी घातलेला मसुदा होता.

"बाई, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचारा की."

"हे अकरावं कलम. 'तिन्ही प्रतिवादींची जबाबदारी अनेकांची राहील.' म्हणजे एकाने हात वर केले तर बाकीचे दोघं भरतील, असंच ना?"

"तुम्हाला तसं कशावरून वाटलं?"

"अनेकांची म्हटलंय ना! माझ्या सासूबाईंची जबाबदारी माझ्या चार दिरांची. धाकटा देत नाही, मग उरलेले तिघं देतात. तोंडं वाकडी करतात, पण देतात. अनेकांची म्हणजे असंच असतं."

"आणि इथे कोण हात वर करील असं वाटतंय?"

"बॉयलरवाला. त्याने पाटी उतरवलीय. मी स्वतः बघून आले. शेजारचा सायकलवाला सांगत होता, कंपनी गुंडाळायला काढलीय म्हणून. म्हणून तर विचारते. बाकी दोघं भरणार असतील तर मी सही करते. नाहीतर त्याचा चौथा हिस्सा म्हणजे माझ्या पोरींची दोन वर्षांची शाळा आहे बाई."

कोशबाईंनी मूळ इंग्रजी मसुदा काढला. अकराव्या कलमातले वाक्य नऊ शब्दांचे होते आणि त्याचा शेवटचा शब्द सेव्हरल होता. तिने ते वाक्य दोनदा वाचले. 'जबाबदारी अनेक राहील' हे वाक्य म्हणून उभेच राहत नव्हते. ते उभे राहावे म्हणून घाईमास्तरांनी त्याला 'अनेकांची' अशी काठी दिली होती, आणि त्या काठीने अर्थ भलतीकडे चालू लागला होता.

"उद्या दुपारी या," ती म्हणाली. "तोवर सही करू नका. आणि बाकीच्यांनाही सांगा, कुणी करू नका."

"काही चुकलंय का?"

"मला वाटतं, हो. उद्या खात्रीने सांगते."

तळमजल्यावर कायद्याच्या पुस्तकांची खोली होती. तिथला मोठा कोश उघडला तेव्हा त्या शब्दाखाली पहिला अर्थ अनेक हा नव्हताच. पहिला अर्थ होता: वेगळा, सुटा, दुसऱ्याशी न जोडलेला. शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या वेगळे करणे या क्रियापदाशी जाऊन भिडत होते. माणसे सभेतून उठून ज्या वाटांनी जातात त्या त्यांच्या सेव्हरल वाटा. म्हणजे वाटा पुष्कळ आहेत असे नव्हे, ज्याची त्याची वाट आहे. सुट्या सुट्या वस्तू एकापेक्षा जास्त असणारच, म्हणून हळूहळू लोक त्या शब्दाने वस्तूंचे सुटेपण सांगायचे सोडून त्यांची संख्याच सांगू लागले. रोजच्या बोलण्यात अनेक हा अर्थ मालक होऊन बसला. जुना अर्थ कायद्याच्या कागदांत भाडेकरूसारखा राहिला. त्या कागदांत एक जोडी नेहमी येते: जॉइंट अँड सेव्हरल. ती असेल तर सारे कर्ज सगळ्यांचे मिळून असते आणि एकेकाचेही असते; घेणेकरी कुणा एकालाही गाठून पूर्ण रक्कम मागू शकतो. पण जॉइंट हा शब्द काढून घेतला आणि सेव्हरल एकटा उरला, तर प्रत्येक जण फक्त स्वतःच्या हिश्शाचा धनी. शेजारी बुडाला तर त्याचा हिस्सा त्याच्याबरोबर बुडाला.

इस्त्रीवाल्या बाईने जे वाचले होते त्याच्या बरोबर उलट त्या कलमात लिहिलेले होते.

कोशबाईंना त्या जागी बसून काय वाटले हे तिने पुढेही कधी फारसे सांगितले नाही. तिने काय केले ते मात्र ठाऊक आहे. ती वर आली, एकेचाळिसावे पान उघडले, चुकीच्या ओळीखाली पट्टीने रेघ मारली आणि नवा प्रतिशब्द शोधू लागली.

तो सहज सापडला नाही. 'वेगवेगळी जबाबदारी' लिहिले तर ऐकणाऱ्याला वाटेल, जबाबदाऱ्या तऱ्हेतऱ्हेच्या आहेत. 'निरनिराळी'चीही तीच गत. वेगवेगळ्या लोकांनी सांगितले, असे आपण म्हणतो तेव्हा आपल्यालाही पुष्कळांनी सांगितले एवढेच म्हणायचे असते. इंग्रजी शब्द ज्या उतारावरून घसरला त्याच उतारावरून आपलेही शब्द घसरलेले होते. 'पृथक' बिनचूक होता, पण तो कुणाच्या कानाला कळला नसता. 'विभक्त' म्हटले की भांडलेले भाऊ डोळ्यांपुढे उभे राहतात. 'स्वतंत्र जबाबदारी' ऐकायला इतकी भारदस्त की माणूस ती मोठ्या मानाची समजेल.

"सुटी लिहा," घाईमास्तर आपल्या टेबलावरून म्हणाले. त्यांना सारे सांगून झाले होते. "सुटी जबाबदारी."

तिने वाचून पाहिले.

"सुटी जबाबदारी म्हणजे," ते स्वतःच म्हणाले, "जबाबदारीला रजा."

तिला हसू आले. "अर्थाच्या फार लांब नाही गेलात तुम्ही."

"बाई, मी तुमच्या शब्दावलीप्रमाणेच केलं होतं. तेवढं माझ्या बाजूने सांगाल ना?"

"तुमच्या बाजूने सांगायचं काय त्यात? चूक माझीच आहे. तुम्ही तिला फक्त 'ची' लावलात."

शेवटी जो शब्द उतरला तो इतका घरगुती होता की तो कोशात शोधावा असे कुणाला सुचले नसते: आपापली. इंग्रजीत त्यासाठी दोन-तीन शब्द जुळवावे लागतात. आपल्याकडे एका शब्दात माणसे मोजलीही जातात आणि अलगही ठेवली जातात. तिने टंकित केले: तिन्ही प्रतिवादींची जबाबदारी आपापल्या वाट्यापुरती राहील, एकाने न दिल्यास त्याचा वाटा देण्यास दुसरे बांधलेले नाहीत. मूळ वाक्यापेक्षा हे लांब होते. तिने ते मोठ्याने वाचले, आणि डोळ्यांसमोरच्या चेहऱ्याला ते कळले.

घरी संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितले. तो पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचे काम करी. पायऱ्या चढून चढून त्याचे गुडघे गेले होते, आणि घरी आल्यावर तो ते गरम पाण्याच्या पिशवीने शेकत बसे.

"अगं, यात कठीण काय आहे?" तो म्हणाला. "जुन्या इमारतीत पाण्याला एकच मीटर. बिल एक. वरच्या मजल्यावरचा भरत नसेल तरी आम्हाला घेणं नाही, आम्ही ज्याचं दार उघडं दिसेल त्याच्याकडे सगळं मागतो. नव्या इमारतीत प्रत्येकाला मीटर. जो भरणार नाही त्याचं बिल त्याच्याच दाराला चिकटून राहतं. दुसऱ्याला विचारायची सोय नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "सत्तावीस वर्षं मी शब्द शोधतेय आणि तुम्ही मीटरवर बसला होतात!"

"मला कोण विचारतं? मी काय एमपर्यंतसुद्धा विद्वान नाही." पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर सरकवत तो म्हणाला, "पण अहो कोशबाई, पंचवीस वर्षं हा शब्द चुकीचा लिहिला गेला असेल, तर मागच्यांचं काय?"

बुधवारी दुपारी इस्त्रीवाली बाई ठरल्याप्रमाणे आली. कोशबाईंनी तिला कलमाचा खरा अर्थ सांगितला आणि शुक्रवारी सगळ्यांसमोर तो पुन्हा वाचून दाखवीन असेही सांगितले. बाई एवढेच म्हणाली, "बरं झालं विचारलं." मग कोशबाई जुन्या फायलींच्या खोलीत गेली आणि गुरुवारी दुपारपर्यंत तिथेच होती. त्यानंतर ती कार्यालयप्रमुखांकडे गेली. सगळे त्यांना साहेब म्हणत. निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि ते चौदा महिने शांततेत जावेत यापलीकडे त्यांची फारशी मागणी नव्हती.

"शब्दावली कोणाची?" साहेबांनी सगळे ऐकून विचारले.

"माझी."

"मान्यता?"

"तुमच्या आधीच्या साहेबांची. पण ओळ माझी."

"हे बघा, पान बदला. नवं पान शुक्रवारच्या संचात घाला. बोलायची काय गरज? कायद्याने इंग्रजी मजकूरच खरा धरतात."

"त्यांच्या घरी आठवडाभर जुनं पान आहे, साहेब. ते वाचून त्यांनी सही करायचं ठरवलंय. मी गुपचूप पान बदललं तर कागद बरोबर होईल, पण त्यांनी ठरवलेलं चुकीचंच राहील."

"आणि उद्या म्हणाले, मागच्या सगळ्या तडजोडी उघडा, तर?"

"मी उघडून पाहिल्या. हा शब्द अकरा करारांत आलाय. दहांत त्याच्या आधी जॉइंट होता. आम्ही तिथे 'संयुक्त आणि अनेक' असं काहीतरी लिहिलं होतं, ज्याला अर्थच नाही. पण संयुक्त होतं, म्हणून लोकांना पैसे मिळाले आणि आमची चूक कुणाला दिसली नाही. अकराव्यात सेव्हरल एकटाच आहे. चौऱ्याऐंशी साल. वखारीची भिंत पडली होती, तीन माणसं गेली."

साहेबांनी चष्मा काढला. "त्यांना मिळाले नाहीत?"

"तिघांपैकी एक प्रतिवादी दिवाळखोरीत गेला. त्याच्या हिश्शाचे मिळाले नाहीत."

"आणि मुदत?"

"सत्त्याऐंशीला संपली."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "बाई, तुम्हाला स्वतःचं नाव खराब करून घ्यायची फार हौस आहे का?"

"नाव तुम्हीच ठेवलंय, साहेब. कोशबाई. ते नीट चालवायचं म्हटलं तर एवढं करावंच लागेल."

साहेबांनी परवानगी दिली असे म्हणता येणार नाही. त्यांनी शुक्रवारी दुसऱ्या इमारतीत बैठक असल्याचे सांगितले. तिच्यासाठी तेवढे पुरेसे होते.

शुक्रवारी सुनावणीच्या खोलीत सात घरांची मिळून बावीस माणसे होती. लांब टेबल, मध्ये पाण्याचा जग, एका टोकाला अंगठ्यासाठी शाईची गादी. दुसऱ्या टोकाला कारखाना आणि इमारत या दोन्ही मालकांचे एकच वकील. कंत्राटदाराकडून कुणी आले नव्हते. त्याची सही आधीच होऊन आली होती, आणि तीही मोठ्या तत्परतेने.

कोशबाई उभी राहिली. "सह्यांच्या आधी एक सांगायचं आहे. अकराव्या कलमाचा जो अनुवाद तुमच्याकडे आहे तो चुकलाय. चूक माझी आहे, फार जुनी आहे. बरोबर अनुवाद असा." आणि तिने नवे वाक्य वाचले.

खोलीत कुजबुज सुरू झाली. स्फोटात गेलेल्या, कपड्यांची वर्गवारी करणाऱ्या एका मुलीचे वडील तिथे होते. आयुष्यभर मालवाहू गाडी चालवलेले, मोठ्या आवाजाचे. "म्हणजे काय, बाई? सरळ सांगा. आम्ही गाडी चालवणारी माणसं, डावं-उजवं कळतं."

"समजा, एका इमारतीत पाण्याचं एकच मीटर आहे," ती म्हणाली, "आणि दुसऱ्या इमारतीत घराघराला मीटर आहे."

"आमच्याकडे मीटरच नाही!" मागून कुणीतरी म्हणाले, आणि त्या खोलीत इतक्या महिन्यांत पहिल्यांदा लोक हसले.

"मग फार बरं, तुम्ही दोन्हींकडे लांबून बघू शकता." तिने सांगितले. एकच मीटर असेल तर पाण्याचे खाते कुणाच्याही दारात जाऊन सगळे बिल मागू शकते. घराघराला मीटर असेल तर जो पळाला त्याचे बिल त्याच्या कुलपालाच विचारायचे. "या कागदात तिघांना तीन मीटर आहेत."

"आणि बॉयलरवाला पळालाय," गाडीवाले म्हणाले.

"ते मला ठाऊक नाही. कलमाचा अर्थ एवढाच मी सांगू शकते."

वकील उठले. ते उद्धट नव्हते. फक्त त्यांची सकाळ बिघडली होती. "मॅडम, आपलं काम अनुवाद करण्याचं आहे. समजावून सांगणं, सल्ला देणं हे त्यात येत नाही."

"मी एकाच शब्दाचा अनुवाद करतेय," ती म्हणाली. "हा शब्द जरा लांब निघाला."

"करारात तो शब्द आधीपासून आहे. आम्ही काही लपवलेलं नाही."

"तुम्ही नाही लपवलंत. माझ्या अनुवादाने लपवला. म्हणून मी उभी आहे, तुम्ही नाही."

यावर वकील खाली बसले, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मग इस्त्रीवाली बाई बोलली. ती उभी राहिली नाही. बसल्या जागेवरून, हात टेबलावर ठेवून बोलली.

"वकीलसाहेब, आम्हाला एक मीटर पाहिजे."

"अहो, हे काय मीटर मीटर चाललंय? करारात मीटरचा काही संबंध नाही!"

"संबंध आहे. आमची माणसं तिघांच्या झडपा आणि तिघांच्या भिंती वेगळ्या करून मेली नाहीत. बॉयलर एकच होता. मग बिलही एकच करा. तुमच्यापैकी कुणी कुणाला किती द्यायचे ते तुम्ही आपसांत बघा. आम्ही ज्याचं दार उघडं दिसेल त्याच्याकडे जाऊ." मग ती कोशबाईंकडे वळली. "त्याला काय म्हणतात, बाई? त्या कागदाच्या भाषेत?"

"जॉइंट अँड सेव्हरल."

"ते लिहा म्हणावं. नाहीतर सही नाही."

"आमचीही नाही," गाडीवाले म्हणाले, आणि शाईच्या गादीचे झाकण त्यांनी स्वतः हात लांबवून बंद केले.

त्या दिवशी एकही सही झाली नाही. नंतरच्या पाच आठवड्यांत काय काय झाले ते थोडक्यात सांगता येते. इमारतीचा मालक दोनदा बैठकीतून उठून गेला. कारखान्याचा परवाना तडजोड होईपर्यंत रोखलेला होता. त्याच्या मालकाला यंत्रे पुन्हा सुरू करायची होती, आणि तो इमारतमालकाला दोन्ही वेळा परत घेऊन आला. कंत्राटदाराची सही नव्याने घ्यावी लागली, आणि ती देताना तो म्हणे हसला, कारण कंपनी बंद करण्याचा त्याचा निर्णय झालेला होता. नोव्हेंबरच्या शेवटी अकराव्या कलमात सेव्हरलच्या आधी दोन शब्द वाढले. जानेवारीत कंत्राटदाराची कंपनी रीतसर विसर्जित झाली. त्याचा चौथा हिस्सा कारखान्याच्या मालकाने जूनपर्यंत सातही घरांना दिला. कुरकुरत, तोंड वाकडे करून, पण पूर्ण.

शब्दावलीला एक शुद्धिपत्र जोडले गेले. त्यात त्या शब्दापुढे नवा अर्थ आहे, आणि खाली अनुवादिकेच्या सहीने एक वाक्य: पूर्वीची नोंद चुकीची होती व ती मी केली होती, जिथे हा शब्द एकटा येईल तिथे अनुवादकाने थांबावे. साहेबांनी दुसरा अर्धा भाग खोडावा असे सुचवले होते. तिने खोडला नाही. शुद्धिपत्रे बहुधा निनावी असतात, जणू चुका हवेतून पडतात. हे एक त्याला अपवाद आहे, आणि माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

उरले चौऱ्याऐंशी साल. कार्यालयाच्या कायदा सल्लागाराने दोन ओळींत कळवले की मुदत संपलेली असल्याने काहीही करता येणार नाही. कोशबाईंनी तो कागद पिशवीत घातला आणि तीन रविवारी तीन घरी गेली. पहिल्या घरी मुलांनी तिला चहा दिला आणि शांतपणे ऐकून घेतले. दुसऱ्या घरी दार लावून घेतले. तिसऱ्या घरी त्या वखारीत वजनकाट्यावर काम करणाऱ्या माणसाची आई होती. ऐंशीच्या पुढची, कानाने पक्की. तिने सगळे ऐकले आणि मधे एकदाही अडवले नाही.

"चौदा वर्षांनी एका शब्दाची माफी मागायला आलीस होय?" ती शेवटी म्हणाली.

"माफी मागायला नाही आले, आजी. माफी मागितली की तुम्हाला ती द्यावी लागते, आणि तुमच्याकडून आणखी काही घ्यायचा मला हक्क नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून आले. तेव्हा तुम्हाला सांगितलं गेलं की तिघंही मिळून बांधलेले आहेत. ते खरं नव्हतं."

"मी तेव्हा दोनदा गेले होते त्या कचेरीत. तिसरा हिस्सा कधी मिळणार विचारायला. एक बाबा म्हणाला, आजी, तुम्हीच नीट वाचलं नसेल. मला वाटत राहिलं, मीच नीट वाचलं नाही. वाचता येत होतं ना मला, म्हणून जास्त वाटलं."

"तुम्ही नीट वाचलं होतं. लिहिलेलंच चुकीचं होतं."

"हे लिहून दे."

कोशबाईंनी तिथेच, त्या घरच्या वहीतला कागद घेऊन, लिहून दिले: आजींनी तेव्हा कागद बरोबर वाचला होता, कागद चुकीचा होता. खाली सही केली, तारीख घातली. म्हातारीने तो डोळ्यांपाशी नेऊन दोनदा वाचला.

"आणि पैसे?"

"कायद्याने आता मागता येत नाहीत. मी अर्ज केलाय, खास बाब म्हणून. नाकारला तर पुन्हा करीन."

"कर," म्हातारी म्हणाली. "मी आहे अजून."

नोकरीत असताना केलेला अर्ज तीनदा नाकारला गेला. कोशबाई निवृत्त झाल्यावरही तो दर वर्षी जातो, आता साध्या पोस्टाने. वखारीच्या भिंतीखाली गेलेल्या तिघांच्या घरांना ठरलेल्या भरपाईचा तिसरा हिस्सा आजतागायत मिळालेला नाही.